मारुती ८०० मध्ये केटीएम ड्यूक बाईकचं इंजिन: अंबडच्या गॅरेजचा रिव्ह्यू, पैसे देण्याआधी वाचा

गॅरेजचं नाव टाकत नाहीये, मालकानेच हात जोडलेत, "भाऊ, कौतुक कर नायतर शिव्या घाल, पण बोर्डावरचं नाव नको टाकू, रील्सवाले येऊन उभे राहतात आणि कामाचा खोळंबा होतो." तर नाशिकची अंबड एमआयडीसी, आतली गल्ली, एका बाजूला सीएनसी जॉबवर्क, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला, मध्ये हा पत्र्याचा शेड. मूळ धंदा फिक्श्चर आणि फॅब्रिकेशनचा, महिंद्रा-बॉशच्या व्हेंडर लोकांची कामं करतात, आणि शेडच्या मागच्या अर्ध्यात हा बाईकचं इंजिन छोट्या गाडीत बसवायचा उद्योग. बग्गी, गो-कार्ट, जुनी ८००, एकदा एक नॅनो पण उघडी पडलेली पाहिली. इंजिनिअरिंगची पोरं फॉर्म्युला स्टुडंटच्या (कॉलेजांची रेसगाडी बनवायची स्पर्धा) चेसिसचे तुकडे घेऊन इथेच येतात वेल्डिंगला, तिथूनच मला पत्ता लागला.

माझी गाडी म्हणजे वडिलांची ८००, बरीच वर्षं बिल्डिंगखाली धूळ खात पडलेली. १५ वर्षांनंतरच्या री-पासिंगची फी २०२२ ला ६०० वरून ५,००० केली तेव्हापासून घरात रोज तोच विषय, विकून टाक विकून टाक, आणि भंगारवाला देतोय किती तर मोबाईल पण येणार नाही तेवढे. विकायची नव्हतीच. दिंडोरीकडे काकांची द्राक्षबाग आहे, आत बराच मोठा कच्चा रस्ता स्वतःच्या मालकीचा, शिवाय मला ऑटोक्रॉसची (मैदानावर वळणावळणाच्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) हौस, नाशिकमध्ये रॅली बघत मोठा झालेला माणूस आहे मी, त्यामुळे डोक्यात किडा बसला तो बसलाच.

आता या गॅरेजला पहिला फुल मार्क कशाला, तर पहिल्या प्रश्नाला. बाकी दोन ठिकाणी विचारलं होतं (एक नाशिकमध्येच, एक पुण्यात), तिथे पहिला प्रश्न "बजेट किती". इथे मालक चहाचा कप ठेवत म्हणाला, "गाडी फिरवायची कुठं?" मी म्हटलं शेतात आणि ग्राउंडवर. "रोडवर?" नाही. "गंगापूर रोडला रात्री एक चक्कर?" नाही ओ दादा. मग वही काढली. रोडवर चालवणार म्हणणाऱ्याला तो सरळ परत पाठवतो, माझ्यासमोर कॉलेज रोडच्या एका पोराला पाठवलं, पोरगं पैसे घेऊन आलं होतं खिशात.

कारण साधं आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने जी गाडी पास करून घेतली आणि आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच पक्कं केलं. चारचाकीत दुचाकीचं इंजिन म्हणजे इंजिन नंबर वेगळा, सीसी वेगळी, कंपनी वेगळी, याला पासिंग मिळणं विसरा. आणि दंडाचं एकवेळ सोडा, उद्या कुणाला धडक बसली तर इन्शुरन्सवाला आधी बॉनेट उघडून बघणार आणि मग हात वर करणार. इथे काम सुरू करायच्या आधी मालक लिहून घेतो की गाडी खाजगी जागेत किंवा परवानगी असलेल्या इव्हेंटलाच चालवणार, आरसी आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन रद्द करून ये असं पण सांगतो, आणि डिलिव्हरी फ्लॅटबेडवरच. गाडी गेटच्या बाहेर स्वतःच्या चाकांवर जाऊ देत नाही. काहींना हे जाचक वाटेल. मला आवडलं.

इंजिन कुठलं यावर दोन संध्याकाळी गेल्या असतील आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला कारण मालक विकायला बसला नव्हता. मी दोन नावं घेऊन गेलो होतो, ड्यूक ३९० आणि एन्फिल्डचं ६५० ट्विन. कागदावर ६५० च भारी, ४७ पीएस पॉवर आणि ५२ एनएम टॉर्क (म्हणजे खेचायचा जोर), आणि ८०० च्या मूळ इंजिनचा टॉर्क ५९ एनएम तो पण २,५०० आरपीएमला, म्हणजे ६५० टाकलं तर उचलायला साधारण तशीच गाडी मिळाली असती. पण ६५० हे एअर-ऑइल कूल्ड आहे. बाईकवर ते समोरून वारा खात बसतं, गाडीच्या पोटात कोंडलं की फिन्सना वारा कुठून मिळणार, मग डक्ट काढा, काचा कापा, दोन-दोन पंखे लावा. ३९० लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिन मागे ठेवा आणि रेडिएटर पुढे, ८०० चाच मूळ रेडिएटर मूळ जागी, खालून पाइप टाकले की झालं. शिवाय ३९० चं इंजिन फक्त ३६ किलोचं, एक माणूस उचलून टेबलावर ठेवतो, मी पाहिलंय. पार्ट चाकणला बनतो, नाशिकात मिळतो.

पण ३९० चा टॉर्क ३५ एनएम, तो पण सात हजारांच्या वर. पॉवर ४४ पीएस, ८०० च्या ३७ पेक्षा जास्त. म्हणजे ताकद आहे पण वर आहे, खाली काही नाही. मालकाने स्वच्छ शब्दांत सांगितलं, "खाली मरेल, वर पळेल. क्लचवर प्रेम करायची सवय असेल तर नको घेऊ." आणि दुसरी अट, इंजिन २०१७ च्या आधीचंच हवं, कारण त्यानंतरच्या ३९० ला राइड-बाय-वायर आलं (केबल नाही, सगळं सेन्सर आणि वायरवर), ॲक्सिलरेटर पॅडलला जोडायला जास्त वायरिंग आणि जास्त डोकेदुखी. आधीच्याला साधी केबल आहे, पॅडलला बांधली की चालू.

बाय द वे हे बाईकचं इंजिन गाडीत प्रकरण काही आजकालच्या यूट्यूबवाल्यांनी शोधलेलं नाही. बीएमडब्ल्यूने १९५५ ला इसेटा काढली त्यात त्यांचंच बाईकचं २४७ सीसी इंजिन होतं, आणि ती बुडत्या कंपनीला आधार देऊन गेली. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये मीरा नावाची टुसीटर छोटी गाडी घरच्या वर्कशॉपमध्ये उभी केली होती, पुढे सरकारी परवानग्यांच्या चक्रात ती रस्त्यावर आलीच नाही. आणि वाळूजला बनणारी बजाजची क्यूट घ्या, २१६ सीसीचं सिंगल सिलिंडर, जास्तीत जास्त ७० चा स्पीड, तिला कायद्याने कार पण म्हणता येत नाही, क्वाड्रिसायकल. त्यामुळे "हे जुगाड आहे" म्हणून नाक मुरडणाऱ्या काकालोकांनी जरा दमानं घ्यावं.

बरं, आता खरं काम. लोकांना वाटतं इंजिन बसवणं म्हणजे चार फाउंडेशन वेल्ड केले, झालं. इंजिन बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. पैसा आणि अक्कल जाते ती इंजिनच्या मागच्या स्प्रॉकेटपासून (चेन बसते ते दातेरी चाक) गाडीच्या चाकापर्यंत.

८०० फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. यांनी पुढचं जुनं इंजिन-गिअरबॉक्स काढून टाकलं, मागची सीट काढली, आणि त्या जागी ३९० आडवं, बाईकवर जसं बसतं अगदी तसंच तोंड पुढे करून. तोंड फिरवलं तर गाडीला सहा रिव्हर्स गिअर मिळतील हे त्यांचं ठरलेलं वाक्य, प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. मग मागच्या चाकांना ड्राइव्ह द्यायचा कसा? तर दुसऱ्या एका स्क्रॅप ८०० चं पुढचं अख्खं सामान, नकल, स्ट्रट, एक्सल, सगळं मागे आणून बसवलं. पुढच्या चाकांना वळायला जे टाय रॉड असतात ते मागे चेसिसला फिक्स केले, नाहीतर मागची चाकं पण स्टिअरिंग करायला लागतील. त्याच स्क्रॅप गिअरबॉक्समधून डिफरन्शियल काढलं, त्याच्यावरचा क्राउन गिअर काढून त्या जागी चेनचं मोठं स्प्रॉकेट बोल्ट केलं, बाहेरून ॲल्युमिनियमचं हाउसिंग स्वतः मशीनिंग करून, आत तेल, दोन्ही बाजूंना सील. हे हाउसिंग हातात घेऊन बघा कधी गेलात तर. बेअरिंगच्या सीटिंगला बोटाचं नख अडकत नाही. मालेगावचे एक चाचा आहेत तिथे लेथवर, बोलत नाहीत फारसं, मी कौतुक केलं तर म्हणाले "मायक्रॉन का खेल है" आणि परत कामाला.

डिफरन्शियल का पाहिजे हे विचारणारे पण भेटतात. गो-कार्टसारखा सरळ दांडा टाकला तर काम निम्म्या पैशात होतं, त्या दुसऱ्या नाशिकच्या गॅरेजवाल्याने मला तेच कोटेशन दिलं होतं. पण वळताना बाहेरचं चाक जास्त फिरलं पाहिजे आणि आतलं कमी, दांडा सरळ असेल तर दोन्ही सारखीच फिरणार, मग गाडी वळायचंच नाकारते आणि टायर घासत जाते. कार्टला चालतं कारण कार्ट हलकं आणि वळताना आतलं मागचं चाक उचलतं. अरुंद बोळात बागेच्या कडेला वळवायची असली तर दांड्याचा काही उपयोग नाही.

गिअरिंगचा हिशेब पण त्यांनी कागदावर करून दाखवला. ड्यूकला पुढे १५ दात मागे ४५, आणि मागचं टायर १५०/६० सतरा इंची, म्हणजे उंची साधारण ६१२ मिलिमीटर. ८०० चं टायर १४५/७० बारा इंची, उंची ५०८ च्या आसपास. म्हणजे काही न करता गाडी १७ टक्के बुटक्या चाकावर आली, तेवढं उचलायला हलकं झालं. वर त्यांनी पुढे १४, मागे ५२ टाकलं. वजनकाट्यावर गाडी साडेपाचशे किलोच्या जरा वर भरली, मूळ ६५० च्या आसपास असते. तरी माझ्यासकट सव्वासहाशे धरा, आणि ड्यूक रायडरसकट सव्वादोनशे. जवळजवळ तिप्पट ओझं त्याच क्लचवर.

म्हणून क्लच. बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, इंजिन, गिअरबॉक्स, क्लच सगळ्यांचं तेल एकच, आणि ३९० मध्ये ते जेमतेम पावणेदोन लिटर. चढावर हाफ क्लच करत बसलात की प्लेटा जळतात एवढंच नाही, त्या जळक्या प्लेटांचा काळा गाळ त्याच तेलातून बेअरिंगला जातो. यांनी स्प्रिंगा कडक टाकल्यात, पॅडलखाली स्टॉपर बोल्ट दिलाय म्हणजे लाथ मारली तरी केबल जास्त ओढली जात नाही, आणि डिलिव्हरीच्या वेळी अर्धा तास फक्त पहिला गिअर कसा टाकायचा हेच शिकवलं. रेव्ह चार हजार, एकदाच सोडा, परत दाबू नका. क्लच इतका जड झालाय की डाव्या पायाला व्यायाम फुकट.

तेलाची दुसरी गोष्ट जी मला आधी सुचली पण नसती. बाईक वळताना झुकते, त्यामुळे तेल सम्पमध्ये (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) तळालाच राहतं. गाडी झुकत नाही, तेल एका कडेला जाऊन चढतं, तळाची जाळी कोरडी पडते आणि दोन सेकंद इंजिन बिनतेलाचं फिरतं. ऑटोक्रॉसमध्ये गोल-गोल फिरवायचं म्हणजे हे होणारच. सम्पमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड केल्यात, म्हणजे तेल एकदम पळत नाही, आणि डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं वेगळं काट्याचं मीटर. ३९० ला मुळात फक्त लाल दिवा आहे, आणि तो लागेपर्यंत काम झालेलं असतं. हे मीटर मी मागितलं नव्हतं, बिलात पण वेगळं लावलं नाही.

आता रिव्हर्स, ज्यावर सगळे हसतात. बाईकला रिव्हर्स नाही. रिक्षाला असतो, वेगळा दांडा असतो बघा ड्रायव्हरच्या बाजूला, पण तो तिच्या गिअरबॉक्समध्ये आहे, असा उचलून लावता येत नाही. बाहेरून रेडिमेड रिव्हर्स बॉक्स मागवता येतो, पण त्याची किंमत ऐकून मी पाणी मागवलं. यांनी काय केलं, स्क्रॅप ८०० च्या फ्लायव्हीलची दातेरी रिंग डिफच्या फिरणाऱ्या भागाला एका बाजूला लावली आणि त्याच गाडीचा स्टार्टर मोटर तिच्यावर बसवला. न्यूट्रल करा, बटण दाबा, गाडी कुईंऽऽऽ करत मागे जाते. मस्त वाटतं पहिल्यांदा. पण स्टार्टर हा काही सेकंद चालायला बनलेला असतो, सलग दाबून ठेवला की तापतो आणि बॅटरी झोपते. सपाटीवर एक गाडीभर मागे जायला ठीक. बागेत चिखलात चाक रुतलं तेव्हा बटण दाबून काही झालं नाही, काकांच्या दोन माणसांनी ढकलून काढली. आणि काकांचा प्रश्न, "येवढा खर्च केला, फवारणीची टाकी बसंल का हिच्यात?"

वायरिंग हा या गॅरेजचा कच्चा दुवा आहे. मेकॅनिकल जितकं देखणं तितकं वायरिंग गबाळं. साइड स्टँडचा स्विच बायपास, ठीक. बाईक आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो तो सरळ उभा बसवलाय, ठीक. पण लूम (वायरिंगचा जुडगा) लांब करताना जोड टेपने गुंडाळलेत, सोल्डर नाही, हीट श्रिंक नाही. पहिल्याच पावसात फ्यूएल पंप बंद पडला, जोडात पाणी. त्यांच्याकडे स्वतःचा इलेक्ट्रिशियन नाही, बाहेरून एक पोरगा येतो तो त्याच्या मर्जीने, फोन उचलत नाही. शेवटी मी इथल्याच द्वारका चौकाजवळच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सगळे जोड परत करून घेतले, पैसे माझे. मीटर ड्यूकचाच डॅशबोर्डवर आहे, गिअर बरोबर दाखवतो, आरपीएम बरोबर दाखवतो, स्पीड मात्र कायम शून्य, कारण चाकाचा सेन्सर कुठे लावलेलाच नाही. विचारलं तर मालक, "ग्राउंडवर स्पीड बघून काय करणार भाऊ." हे काय उत्तर झालं? लाईट, वायपर, रेडिएटर फॅन आणि वर तो स्टार्टर, सगळं बाईकच्या स्टेटरवर (वीज बनवणारी कॉइल), त्यामुळे फॅन चालू असताना हेडलाइट मंद होतात. रात्री चालवायची असेल तर आधीच बोलून घ्या.

ब्रेक. ८०० च्या ब्रेकला पॅडल हलकं करणारा बूस्टर असतो तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. सिंगल सिलिंडरचा व्हॅक्यूम तुटक तुटक, पुरत नाही. त्यांनी मध्ये एक छोटी टाकी आणि एका बाजूने चालणारा व्हॉल्व्ह दिलाय, पहिला ब्रेक छान लागतो, लगेच दुसरा मारला की पॅडल दगड. सवय झाली पण पहिल्यांदा बसणाऱ्याला सांगावंच लागतं. चांगली बाजू ही की मागे पुढचंच सामान आल्यामुळे मागेपण डिस्क मिळाल्या. वाईट बाजू ही की पुढच्या कॅलिपरला हँडब्रेक नसतो, म्हणजे गाडीलाच हँडब्रेक नाही! त्याऐवजी हायड्रॉलिक लिव्हर दिलाय, ऑटोक्रॉसला मागचं टोक फेकायला एक नंबर, पण पार्किंगला तासाभरात प्रेशर उतरतं. चाकाखाली दगड ठेवायचा. मी एक छान लाकडी ठोकळा करून घेतलाय.

पेट्रोलची टाकी मागून काढून पुढे बॉनेटखाली आणली, ते बरोबर केलं, एक तर इंजिनपासून लांब आणि पुढे थोडं वजन पण आलं. ड्रायव्हर आणि इंजिनच्या मध्ये ॲल्युमिनियमची पूर्ण भिंत, वर उष्णतेचं कापड, सीटमागे आग विझवायचा सिलिंडर त्यांच्याकडूनच कंपल्सरी. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) मात्र वेगळे पैसे, घ्याच. एक गोष्ट मला अजून खटकते, चेन डावीकडे असल्यामुळे स्प्रॉकेट मधोमध यावं म्हणून इंजिन उजवीकडे सरकवलंय, आणि ड्रायव्हर पण उजवीकडेच. मी ऐंशी किलोचा. डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना गाडी वेगळी वागते. बॅटरी डावीकडे टाकून थोडं सावरलंय पण पूर्ण नाही.

चालते कशी? तर ज्यांना वाटतं की रॉकेट होणार त्यांनी इथेच थांबा. साधी स्विफ्ट सरळ रस्त्यावर हिला आरामात मागे टाकेल, हिशेब करून बघा, ४४ पीएस आणि सव्वासहाशे किलो. सहाव्या गिअरला जीपीएसवर ११० च्या आसपास जाऊन संपते, गिअरिंगच तसं आहे. पण राव, ती नऊ हजारांपर्यंत ओरडत जाते ना, कानाच्या मागे दोन फुटांवर, आणि गिअर म्हणजे फक्त दांडा मागे खेचायचा, खट, खट, खट, क्लच फक्त उठवताना. पहिला ते तिसरा संपेपर्यंत तुम्ही हसत असता, कितीही वयाचे असा. मातीत तर विचारू नका, मागचा ड्राइव्ह, पुढचं टोक हलकं, लिव्हर ओढला की फिरली. वडिलांना एकदा बसवलं, ते फक्त म्हणाले "एसी काढला का रे?" त्यात एसी कधी नव्हताच.

तीस चाळीसच्या स्पीडला मात्र वैताग आहे. वरच्या गिअरला तीन हजारांखाली गेली की चेन आपटायला लागते, अख्खी बॉडी हादरते, आरसा बघण्यात अर्थ नाही. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून. गरम पण होते, रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, लांब पाइपात हवा अडकते, पाणी भरताना गाडीचं नाक चढावर उभं करून हवा काढावी लागते, ते त्यांनी शिकवलं म्हणून बरं.

पैसे. इंजिन सोडून मजुरी, फॅब्रिकेशन, डिफचं हाउसिंग, रिव्हर्स, सम्प सगळं मिळून दीड लाखाच्या पुढे गेलं, केज धरून दोनच्या जवळ. दांड्याचं कोटेशन याच्या निम्मं होतं हे मघाशी सांगितलंच. इंजिन स्वतः आणायचं, ते इंजिन विकत नाहीत, आणि त्यात पण एक चांगली सवय आहे, इंजिन नंबर आणि त्याचे कागद बघितल्याशिवाय शेडमध्ये ठेवून घेत नाहीत. ॲक्सिडेंट झालेल्या गाडीचं असेल तर इन्शुरन्स टोटल लॉसचा कागद किंवा मूळ मालकाचं पत्र आणि आरसीची कॉपी. चोरीच्या बाईकचं इंजिन सुटं विकलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे, स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. लूम, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मीटर, किल्ली, टाकीतला पंप, हे सगळं त्याच बाईकचं एकत्र घ्या, नुसतं इंजिन घेतलं तर बाकी गोळा करता करता जीव जाईल.

वेळेच्या बाबतीत यांना शून्य मार्क. सांगितलेल्या तारखेला काय, तारखेच्या महिन्याला पण नाही. कंपनीची जॉबवर्कची ऑर्डर आली की तुमची गाडी कोपऱ्यात, वर ताडपत्री. ते लपवत नाहीत, "कंपनी पोटाला देते, तू हौसेला" असं तोंडावर सांगतात, पण फोन केला की "उद्या ये" आणि उद्या गेलं की मालक सिन्नरला. गणपतीला मिळणार होती ती पाडव्याला मिळाली, दिवाळीच्या पाडव्याला नाही, गुढीपाडव्याला. काम झाल्यानंतरची सर्व्हिस मात्र चांगली, चेन सैल झाली म्हणून नेली तर दोन्ही वेळा लगेच ॲडजस्ट करून दिली, पैसे घेतले नाहीत.

तर शेत असेल, फार्महाउस असेल, ऑटोक्रॉसची आवड असेल आणि घाई नसेल तर बिनधास्त जा, फॅब्रिकेशनला नाशिकमध्ये याच्यासारखा माणूस मला तरी दुसरा दिसला नाही. वायरिंग दुसरीकडे करून घेण्याचं आधीच ठरवा आणि तेवढे पैसे बिलातून कमी करून मागा, मला वाटतं ते देतील. रोडवर मिरवायची असेल तर हेच पैसे घालून चांगली वापरलेली ३९० घ्या, तीच सुखाची. दुपारी तीननंतर जा, त्याआधी मालक मशीनवर असतो आणि मान वर करत नाही, आणि गल्लीत पावडर कोटिंगवाल्याला विचारा "बाईकचं इंजिन गाडीत टाकतात ते कुठे", तो हसेल आणि हात दाखवेल.